नामंजूर नाही, नुसतं लांबणीवर : बाबासाहेब आणि रखडलेली तीन विधेयकं

मंडणगड : ग्रामसभेला नियमानं जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. एखादा विषय नको असेल, तर त्याला उघड नाही कोणी म्हणत नाही. तो विषयपत्रिकेच्या तळाला जातो. वरच्या विषयांवर दोन तास बोलणं होतं, चहा येतो, माणसं उठायला लागतात आणि मग ठरतं, हा विषय पुढच्या सभेत घेऊ. पुढच्या सभेत कोरम नसतो. ठराव नामंजूर झाला असं प्रोसिडिंग बुकात कुठेच लिहिलेलं नसतं. काम मात्र झालेलं नसतं.

दिल्लीच्या संसदेतही हेच चालतं. फक्त तिथे त्याला प्रवर समिती, दुरुस्त्या, हरकतीचा मुद्दा, कामकाज सल्ला अशी मोठी नावं असतात. हा अनुभव आयुष्यात एकदा नाही, तीनदा घेतलेला माणूस आपल्या जिल्ह्याच्या मातीतला होता. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांची चळवळ, चवदार तळं, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा, हे सगळं आपण दरवर्षी ऐकतो. त्यांनी मांडलेल्या विधेयकांचं काय झालं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. एक विधेयक गावकामगार महारांसाठी होतं, दुसरं कोकणातल्या कुळांसाठी आणि तिसरं देशातल्या लेकीसुनांसाठी. तिन्ही रखडली. तिसऱ्यासाठी तर त्यांनी मंत्रिपद सोडलं.

आंबडवे ते कौन्सिल हॉल

भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, मध्य भारतातल्या महू छावणीतला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ आपल्या दापोलीत राहिलं आणि मग साताऱ्याला गेलं. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाले. हाच दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गावाच्या नावावरून लागलेलं आंबडवेकर हे आडनाव पुढे आंबेडकर झालं.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक, मग बी. ए., मग बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, त्यानंतर लंडन. अर्थशास्त्रातली मोठी पदवी आणि बॅरिस्टरी घेऊन १९२३ साली ते मुंबईत परतले. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांची सरकारनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली.

त्याच वर्षी २० मार्चला महाडचा सत्याग्रह झाला. त्याची मागची गोष्टही उशिराचीच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात १९२३ सालीच संमत करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला होता. कागद दोन्हीकडे तयार होते, पाणी मात्र बंदच होतं. सत्याग्रहानंतर प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागला तो मार्च १९३७ मध्ये. ओंजळभर पाण्याच्या हक्काला दहा वर्षं लागली. निकाल बाजूनं लागला, ही त्यातली जमेची बाजू.

पहिलं विधेयक : महार वतन

१९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी कौन्सिलात महार वतनासंबंधीचं विधेयक मांडलं. जुना कायदा १८७४ चा होता. त्यानुसार गावचा महार सरकारचा चोवीस तासांचा नोकर. सारावसुलीच्या वेळी बोलावणं करायचं, टपाल न्यायचं, अंमलदार आला की पुढे धावायचं. बदल्यात काय, तर वतनाचा जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळेल ते बलुतं. पगार असा नाहीच. घरचा कर्ता आजारी पडला तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी जायचं.

बाबासाहेबांचं म्हणणं साधं होतं. ज्याला हे काम नको असेल, त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी आणि चाकरीतून मोकळं होता यावं. जो काम करील, त्याला बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा. विधेयक समितीकडे गेलं. तिथल्या खटपटीत त्याचं मूळ रूप टिकेना, तेव्हा १९२९ साली त्यांनी ते मागे घेतलं. सभागृहानं ते फेटाळलं, असं झालंच नाही.

ही कनिष्ठ वतनं शेवटी रद्द झाली ती १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे विधेयक मांडल्यावर तीस वर्षांनी. तोवर बाबासाहेबांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती.

दुसरं विधेयक : खोती

खोती म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात नव्यानं सांगायला नको. दापोली, खेड, गुहागर, मंडणगड, कुठल्याही गावात जुन्या माणसांजवळ बसलं की खोताचा विषय निघतोच. सरकारला सारा भरायचा खोतानं आणि कुळाकडून वसूल करायचा तोही खोतानंच. किती वसूल करायचा, त्यावर कुळाचं काही चालत नसे. वर वेठ होतीच. शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं जमिनी न कसता संप चालवला, तो याच जाचातून.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढच्या वर्षी निवडणूक जिंकून ते मुंबई विधानसभेत गेले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोताला नुकसानभरपाई द्यावी, पण जमीन कसणाऱ्याचं नातं थेट सरकारशी जोडावं, असा त्याचा गाभा. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात कोकणातली कुळं मोठ्या संख्येनं होती.

तरीही कायदा झाला नाही. सरकारी पक्षाला घाई नव्हती आणि सरकारबाहेरच्या सदस्याच्या विधेयकाला वेळ मिळणं तेव्हाही अवघड असे. असं विधेयक घ्यायला अधिवेशनात मोजकेच दिवस राखलेले असतात. त्या दिवसांत नंबर लागला नाही तर पुढचं अधिवेशन. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि विधेयक तिथेच थांबलं. खोती रद्द करणारा कायदा मुंबई सरकारनं केला तो १९४९ साली. बारा वर्षांनी.

त्या सभागृहाचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. कर्मभूमी अहमदाबाद, पण घराणं आपल्याच जिल्ह्यातल्या मावळंगे गावचं. हेच दादासाहेब मावळंकर पुढे दिल्लीत सभापतीच्या खुर्चीत बसले आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. बाबासाहेबांचं तिसरं विधेयक रखडलं, तेव्हाही खुर्चीत तेच होते. आंबडवे आणि मावळंगे या दोन गावांची नावं देशाच्या संसदेत अशी समोरासमोर आली.

उशीर केल्याचा आरोप, तोही बाबासाहेबांवर

२९ ऑगस्ट १९४७ ला घटना समितीनं मसुदा समिती नेमली. सात सदस्यांची समिती, अध्यक्ष बाबासाहेब. कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, कोणी परदेशी, कोणी संस्थानाच्या कामात, कोणी तब्येतीमुळे दिल्लीबाहेर. प्रत्यक्ष भार बाबासाहेबांवर पडला, हे समितीतलेच टी. टी. कृष्णमाचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये सभागृहात सांगितलं.

काम लांबलं, खर्च वाढला, अशी कुरकुर सुरू झाली. बंगालचे सदस्य नझीरुद्दीन अहमद यांनी तर मसुदा समितीला भरकटलेली समिती म्हणून घेतलं. बाबासाहेबांना तो शब्द लागला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी रागावण्याऐवजी हिशोब मांडला. घटना समिती बसल्यापासून दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस. अकरा अधिवेशनं, १६५ दिवस. त्यातले ११४ दिवस फक्त मसुद्यावर. सुचवलेल्या दुरुस्त्या ७,६३५. त्यातल्या प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या आणि निकाली काढलेल्या २,४७३. इतर देशांच्या घटनांना किती वेळ लागला आणि त्यांची कलमं किती, तेही त्यांनी शेजारी ठेवलं.

ही आकडेवारी लक्षात ठेवायला हवी. ज्या कामाला वेळ लागला, तिथे प्रत्येक दिवशी काय झालं हे दाखवता येत होतं. तारीख ठरत होती, कलम पुकारलं जात होतं, मत पडत होतं, पुढचं कलम येत होतं. त्याच सभागृहात, त्याच वर्षांत, त्याच माणसाचं दुसरं एक विधेयक होतं. त्याची आकडेवारी अगदी वेगळी निघाली.

तिसरं विधेयक : हिंदू कोड

हिंदू कायदा एकसारखा करण्याचं काम इंग्रजी अमलातच सुरू झालं होतं. सर बेनेगल नरसिंह राव यांच्या समितीनं देशभर साक्षी घेऊन मसुदा तयार केला आणि एप्रिल १९४७ मध्ये तो दिल्लीच्या कायदेमंडळात मांडला गेला. स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री म्हणून ते बाबासाहेबांच्या हातात आलं.

त्यात होतं काय? एका वेळी एकच बायको. न पटल्यास ठरावीक कारणांवर घटस्फोट, पुरुषाला आणि बाईलाही. जातीबाहेरचं लग्न कायदेशीर. विधवेच्या हाती आलेली मिळकत हयातीपुरती नाही, तर तिच्या पूर्ण मालकीची. आणि बापाच्या मिळकतीत लेकीला वाटा. मूळ मसुद्यात लेकीचा वाटा मुलाच्या निम्मा होता. बाबासाहेबांच्या समितीनं तो मुलाच्या बरोबरीचा केला. विरोधाची धार इथे वाढली.

९ एप्रिल १९४८ ला बाबासाहेबांनी विधेयक प्रवर समितीकडे, तेव्हाच्या भाषेत सिलेक्ट कमिटीकडे, पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं. प्रवर समिती म्हणजे सभागृहातल्या निवडक सदस्यांनी विधेयक कलमवार तपासून, दुरुस्त करून परत सभागृहाला देणं. समितीनं चार महिन्यांत काम संपवलं आणि १२ ऑगस्ट १९४८ ला अहवाल दिला. पटलेलं नव्हतं त्या सदस्यांनी आपली भिन्न मतं जोडली. समितीच्या पातळीवर काम झालं ते असं, वेळेत.

खरी लढाई अहवाल आल्यावर सुरू झाली, आणि ती सुरुवातीला लेकीच्या वाट्यावर नव्हतीच. ती कामकाजाच्या नियमांवर होती.

हरकत अशी की, समितीकडे पाठवलेलं विधेयक एक आणि समितीनं तपासलं ते दुसरंच. कायदा मंत्रालयानं कलमांची नव्यानं मांडणी करून एक खात्याचा मसुदा तयार केला होता आणि समिती तो पुढे ठेवून बसली होती. म्हणजे समितीचं सगळं काम नियमबाह्य, ते परत पाठवा. हा मुद्दा लावून धरणारे तेच, नझीरुद्दीन अहमद. बाबासाहेबांचं उत्तर असं की, मांडणी बदलली, विधेयक नाही. दोन्ही मसुदे समितीसमोर होते आणि मूळ कलमांशी ताडून बघूनच काम झालं. हरकत टिकली नाही. पण ती टिकावी असा हेतू असतोच असं नाही. अशा हरकतीवर बोलण्यात जो वेळ जातो, तोच हरकत घेणाऱ्याची कमाई असते.

दुसरी मागणी, विधेयक पुन्हा लोकमतासाठी फिरवा. राव समिती आधीच देशभर फिरून आली होती. तिसरा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. हे सभागृह प्रौढ मतदानानं निवडून आलेलं नाही, इतका मोठा बदल निवडून आलेल्या संसदेनं करावा, असं बरेच जण म्हणत. घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांचंही मत असंच होतं आणि त्यांनी ते पंडित नेहरूंना कळवलं होतं. त्यावर विधेयकाच्या बाजूचे लोक विचारत, की हेच सभागृह देशाची घटना करू शकतं, तर लेकीच्या वाट्याचा कायदा का नाही?

तारखांचा हिशोब

राजीनाम्यानंतर दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी या विधेयकाला मिळालेल्या दिवसांची यादीच दिली. ती वाचताना कोर्टाच्या फेऱ्या घातलेल्या माणसाला आपली फाईल आठवावी.

अहवाल आला ऑगस्ट १९४८ मध्ये. विचारात घेण्याचा प्रस्ताव त्यांनी ३१ ऑगस्टला मांडला, पण त्या दिवशी नुसतं मांडणंच झालं. चर्चा सुरू झाली पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत. तीही सलग नाही. फेब्रुवारीत चार दिवस, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन. मग थेट डिसेंबर. १९ डिसेंबर १९४९ ला प्रस्ताव मंजूर झाला, म्हणजे विधेयक विचारात घ्यायचं एवढं ठरलं. १९५० च्या संपूर्ण वर्षात त्यांच्या हिशोबानं एकही दिवस नाही. ५, ६ आणि ७ फेब्रुवारी १९५१, तीन दिवस कलमवार चर्चा. पुन्हा थांबलं.

आता हे घटनेच्या आकड्यांशेजारी ठेवा. घटनेच्या मसुद्याला ११४ दिवस. हिंदू कोडला प्रस्ताव मांडल्यापासून अडीच वर्षांत दिवस मोजायला हाताची बोटं पुरतात, फार तर पायाची दोन-चार घ्यावी लागतात. इतर विधेयकांना पुढचा नंबर मिळतो आणि हे मागे राहतं, ही बाबासाहेबांची तक्रार होती. भाषणांना वेळेची मर्यादा घातली जात नाही, विरोधातले सदस्य एकेका कलमावर तासनतास बोलतात आणि पक्षाचे व्यवस्थापक त्यांना आवरत नाहीत, हीदेखील होती.

बाहेर वातावरण तापलेलं होतं. १९४९ मध्ये दिल्लीत विरोधी सभा आणि मोर्चे झाले. स्वामी करपात्री यांच्यासारखे साधू रस्त्यावर उतरले. काही टीका तर विधेयकावर नव्हतीच, ते मांडणाऱ्याच्या जातीवर होती. दुर्गाबाई, रेणुका राय, हंसा मेहता अशा मोजक्या स्त्री सदस्य सभागृहात विधेयकाच्या बाजूनं उभ्या होत्या.

ऑगस्ट ते सप्टेंबर १९५१

बाबासाहेबांची तब्येत तेव्हा खालावलेली होती. मधुमेह जुना, पायाचं दुखणं वाढलेलं. १० ऑगस्ट १९५१ ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. डॉक्टरांच्या स्वाधीन होण्याआधी हे विधेयक संपवायचं आहे, ते १६ ऑगस्टला घ्यावं म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत पुरं होईल, अशी विनंती त्यात होती. नेहरूंनी लगेच उत्तर दिलं. विरोध आतून आणि बाहेरून आहे, मंत्रिमंडळानं सप्टेंबरच्या सुरुवातीला घ्यायचं ठरवलं आहे, असं त्यांनी कळवलं.

नेहरूंना हे विधेयक नको होतं असं म्हणता येणार नाही. ते त्याच्या बाजूनं बोलत आले होते. पण पक्षात मोठा गट विरोधात, पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आणि राष्ट्रपती झालेले राजेंद्र प्रसाद यांचा विरोध कायम. सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी हे विधेयक संमत झाल्यास आपण स्वतःच्या विचारानं निर्णय घेऊ असं सूचित केलं, तेव्हा नेहरूंना ॲटर्नी जनरल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचं मत घ्यावं लागलं. दोघांनीही राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालायचं असतं असं सांगितलं.

१७ सप्टेंबरला विधेयक पुन्हा पुकारलं गेलं. चर्चा चालू असतानाच वेळ पुरणार नाही म्हणून फक्त लग्न आणि घटस्फोटाचा भाग घ्यावा, बाकीचा पुढे बघू, असं नेहरूंनी सुचवलं. वारसाहक्क बाजूला पडला. जिथे लेकीला जमिनीत वाटा मिळणार होता तोच हा भाग. बाबासाहेबांनी अख्खं बुडण्यापेक्षा अर्धं वाचलेलं बरं म्हणून ते मान्य केलं. काही दिवस दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या आल्या, भाषणांमागून भाषणं झाली. मग दुसरा निरोप आला, हा भागही सोडून द्यावा.

चार वर्षांत विधेयकाची चार कलमं मंजूर झाली होती. विरोधात मत पडून ते हरलं नाही. वेळ संपली म्हणून ते संपलं.

२७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

संध्याकाळी सहाची वेळ

राजीनाम्यामागे फक्त हिंदू कोड नव्हतं. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला घेतलं जात नाही, अनुसूचित जातींच्या प्रश्नांकडे सरकारचं लक्ष नाही, काश्मीर आणि परराष्ट्र धोरण पटत नाही, अशीही कारणं त्यांनी दिली. पण ज्यानं निर्णय झाला ते कारण हिंदू कोडचं.

मंत्रिपद सोडणाऱ्याला सभागृहात निवेदन करता येतं. ११ ऑक्टोबरला बाबासाहेब ते करणार होते. तिथेही वेळेचाच वाद निघाला. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार खुर्चीत होते. निवेदनाची प्रत आधी द्यावी, आणि बोलायची वेळ संध्याकाळी सहा, असं त्यांनी सांगितलं. आपण काय बोलायचं ते आधी तपासलं जाणार, हे बाबासाहेबांना मान्य नव्हतं. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन बाहेर पत्रकारांच्या हाती दिलं.

ज्या माणसानं घटनेत संसदेचं कामकाज कसं चालावं ते लिहून ठेवलं होतं, त्याचं मंत्री म्हणून शेवटचं बोलणं कामकाजाच्या नोंदीत तोंडी आलंच नाही.

चार कायदे आणि पंधरा दिवस

पुढच्या निवडणुकीत मुंबईतून बाबासाहेब हरले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. राज्यसभेवर मात्र ते १९५२ पासून होते. नेहरूंनी निवडणूक प्रचारात हिंदू कोडचा विषय लोकांपुढे नेला आणि निवडून आल्यावर ते विधेयक तुकडे करून पुन्हा आणलं. लोकसभेत ती विधेयकं नेटानं पुढे नेण्यात खानदेशातून निवडून गेलेले मंत्री हरिभाऊ पाटसकर यांचा वाटा मोठा.

हिंदू विवाह कायदा झाला १८ मे १९५५ ला. वारसा कायदा १७ जून १९५६ ला. अज्ञान पालकत्वाचा कायदा २५ ऑगस्ट १९५६ ला. दत्तक आणि पोटगीचा चौथा कायदा २१ डिसेंबर १९५६ ला.

मधल्या काळात, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. चौथा कायदा त्यानंतर पंधराव्या दिवशी आला.

आपल्या सातबाऱ्यापर्यंत

१९५६ च्या कायद्यात लेकीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत बरोबरीचा वाटा मिळाला. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मात्र मुलांपुरताच राहिला. लेकीच्या वाट्याला यायचा तो बापाच्या हिश्श्यातला भाग. बाबासाहेबांच्या मसुद्यात जन्मानं मिळणारा हा हक्कच काढून टाकला होता, म्हणजे मुलगा-मुलगी एका पायरीवर आली असती.

ती पायरी गाठायला आणखी किती काळ गेला बघा. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून लेकीला सहदायादाचा हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या लेकी बाहेर ठेवल्या. केंद्राची दुरुस्ती आली ९ सप्टेंबर २००५ ला, तेव्हा ती अट गेली. त्या दिवशी बाप हयात हवा की नको यावर पुन्हा पंधरा वर्षं कोर्टात वाद. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला निकाल दिला की, बाप हयात असण्याची गरज नाही. १९४८ साली समितीनं चार महिन्यांत तपासून दिलेल्या विषयाला बहात्तर वर्षं लागली.

या काळात किती बहिणींनी आपला वाटा सोडला, किती विधवांनी दिराच्या दारात दिवस काढले, त्याची मोजदाद कुठल्याच दप्तरात नाही. विधेयक लांबलं की सभागृहात कोणाचं काही बिघडत नाही. पुढच्या अधिवेशनात बघू म्हटलं की झालं. ज्या बाईचा नवरा त्या वर्षी वारला, तिला मात्र पुढचं अधिवेशन नसतं. तिच्या फेरफाराला त्या दिवशीचाच कायदा लागतो.

आजही आपल्याकडे तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा कागद गेला की पहिला प्रश्न असतो, बहिणींचं हक्कसोड आणलंय का? कायदा आता बहिणीच्या बाजूनं आहे. सही करायची की नाही, हा तिचा निर्णय आहे आणि तो घेण्याआधी आपला वाटा किती, हे विचारण्याचा तिला हक्क आहे. तो हक्क कागदावर यावा म्हणून आंबडव्याच्या माणसानं दिल्लीतली खुर्ची सोडली होती.

आणि ग्रामसभेत तुमचा विषय पुढच्या सभेत घेऊ असं सांगितलं, तर बाबासाहेबांसारखा हिशोब ठेवा. कोणत्या तारखेला विषय आला, कोणी पुढे ढकलला, पुढची तारीख कोणती दिली, ते प्रोसिडिंग बुकात लिहून घ्या आणि सही करण्याआधी वाचून बघा.